परातीपासून मंडईपर्यंत: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हाताची कामं आणि जवळच्या सहली

बालवाडी सुरू केली त्या पहिल्याच हिवाळ्यात मी अकरा मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले होते. बस ठरवली, सगळ्यांना पिवळ्या टोप्या शिवून घेतल्या, पालकांच्या सह्या घेतल्या. वाघ झोपलेला. अस्वल गुहेतून बाहेर आलंच नाही. दोन मुलांना बस लागली. दुसऱ्या दिवशी गोलात बसून ‘काल काय पाहिलं?’ असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: पाइप. वाटेच्या कडेला माळीकाका झाडांना पाणी देत होते, त्यांच्या पाइपाला मधेच भोक पडलं होतं आणि तिथून कारंजं उडत होतं. पाइप आमच्या अंगणातही होता. भोक मी पाडून दिलं असतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी घरातली परात, मग अंगण, मग पायी जाता येईल अशी गल्ली आणि मंडई. बसची सहल वर्षातून एकदा, तीही जमली तर. ज्यांच्या घरातलं पहिलं मूल नुकतंच तीन वर्षांचं झालंय, जे आजी-आजोबा दिवसभर नातवंड सांभाळतात, किंवा ज्यांनी या जूनपासून बालवाडी हाती घेतली आहे, त्यांनी याच क्रमाने जावं असं मी सुचवेन.

पहिला आठवडा: परात

कणीक मळायची मोठी स्टीलची परात काढा. तिच्यात दोन लहान लोटे ठेवा, एकात निम्म्यापर्यंत कोरडे तांदूळ. शेजारी एक फडकं. झालं सामान.

मुलासमोर बसा आणि एका लोट्यातले तांदूळ दुसऱ्यात ओतून दाखवा. हळू, दोन्ही हातांनी, आणि तोंड बंद ठेवून. ही शेवटची अट मोठ्यांना सगळ्यात जड जाते. आपण बोलत बोलत दाखवलं की मूल आपल्या तोंडाकडे बघत बसतं, हातांकडे बघायचं राहून जातं. एकदा दाखवलं की लोटा त्याच्यापुढे सरकवा आणि आपण मागे सरका.

सुरुवात तांदळाने करायची, कारण ते सांडले तर परातीतच पडतात, वेचता येतात आणि पडताना आवाज करतात. दोन-तीन दिवसांनी रवा. तो हात सैल सुटला की भसकन पडतो, म्हणून जरा अवघड. मग पाणी, तेही अर्धा लोटाच. पाणी सांडणार हे गृहीत धरा. सांडलेलं पुसणं हा कामाचाच भाग आहे, शिक्षा नव्हे. फडकं परातीशेजारी आधीपासून ठेवायचं ते त्यासाठीच.

आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा मुलगा होता, गोष्टीला दोन मिनिटं बसायचा नाही. पाणी ओतायला मात्र तो वीस-वीस मिनिटं बसायचा. ओतून झाल्यावर शेवटचा थेंब लोट्याच्या काठाला लटकून राहायचा, आणि तो पडेपर्यंत हा श्वास रोखून, मान वाकडी करून बघत असायचा. पडला की पुन्हा भरायला घ्यायचा. त्याच्या आईला वाटायचं की त्याचं लक्षच लागत नाही.

पाच वर्षांच्या मुलाला याच परातीत नरसाळं, बाटली आणि एक वाटी द्या. बाटली किती वाट्यांनी भरेल? आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. अंदाज चुकला तर ‘चुकलं’ म्हणू नका, ‘परत बघू या’ म्हणा. मग लहान वाटी देऊन तोच प्रश्न. वाटी लहान झाली की आकडा मोठा होतो, हे पाच वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळतं तेव्हा ते चेहऱ्यावर दिसतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. चणे, वाटाणे, शेंगदाणे, चिंचोके हे तीन वर्षांच्या आतल्या मुलांना खेळायला देऊ नका, आणि ज्याला अजून सगळं तोंडात घालायची सवय आहे त्यालाही नको. नाकात गेलेला सुका वाटाणा ओलाव्याने फुगतो. घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टरकडे न्या. आणि पाण्याची बादली असेल तिथे मोठं माणूस हवंच. दार वाजलं तर मुलाला कडेवर घेऊनच उघडायला जा.

दुसरा आठवडा: ओटा

डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त होतो. शेंगेचं टोक अंगठ्याने दाबायचं, टप् आवाज होतो, मग शिवण उघडायची. तीन वर्षांच्या बोटांना याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. पाच वर्षांच्या मुलाला शेंगेतले दाणे मोजू द्या आणि सगळ्यात जास्त दाण्यांची शेंग बाजूला ठेवायला सांगा. निम्मे दाणे पोटात जातील, ते हिशेबात धरून किलोभर जास्त आणा.

मूग भिजत घाला. सात-आठ तासांनी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायचे. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड दिसतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. फडकं दर दोन तासांनी उघडून बघायची परवानगी मुलाला द्या. मोड जरा कमी लांबतील, पण आपण उसळीच्या स्पर्धेत उतरलेलो नाही.

हळदीचा खेळ मला सगळ्यात आवडतो. चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि कागद वाळू द्या. मग कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून मुलाच्या हाती द्या आणि त्याला कागदावर रेघ ओढू द्या. रेघ लाल उमटते. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीचा डाग पडलेला शर्ट साबण लावल्यावर लाल होतो, हे त्याने मोरीत पाहिलेलं असतं. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावूनच करतात. ‘असं का होतं?’ असं त्याने विचारलं तर ‘साबण लागला की हळद रंग बदलते’ एवढं पुरे. खरा चुना मात्र मुलांपासून लांब ठेवा, डोळ्यात गेला तर फार वाईट. परदेशात असाल तरी हळद, साबण आणि लिंबू मिळतंच, त्यामुळे हा खेळ कुठेही जमतो.

लाटणं-पोळपाट, भेंडीचे ठसे, कोथिंबीर निवडणं हे तुम्हाला सुचेलच. मुलाने निवडलेली कोथिंबीर मात्र आमटीत खरोखर घाला. त्याच्या देखत ती केरात गेली तर पुढच्या वेळी ते येणार नाही, आणि न आलेलंच बरं.

महागडं सामान घ्यावं का?

नव्या पालकांचा हा पहिला प्रश्न असतो. दुकानात लाकडी मनोरे, रंगीत ठोकळे हजारोंच्या किमतीला मिळतात. चांगले असतात, मी नाही म्हणत नाही. पण हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सुटलेला आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मॉन्टेसरी या परदेशी बालशिक्षण पद्धतीचं सामान गावाला परवडण्यासारखं नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असं आसपास मिळेल त्यातून साहित्य उभं केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली.

म्हणून विकत काही घ्यायचंच असेल तर मुलाच्या हातात मावेल असा छोटा झाडू आणि छोटं सूप घ्या.

माती, घट आणि किल्ला

आपल्या सणांत हाताचं काम ठासून भरलेलं आहे, आपण मुलांना फक्त ‘लांब हो’ म्हणतो एवढंच. पोळ्याला मातीचे बैल, गणपतीआधी शाडू. माती आणली की एक दिवस मुलाला ती नुसती कुस्करू द्या. लगेच ‘बैल कर’ म्हणू नका.

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात. तेच मूठभर धान्य दुसऱ्या कुंडीत मुलाच्या हाताने पेरा आणि ती कुंडी खिडकीत ठेवा. देवघरातल्या अंधुक उजेडातलं धान्य लांब आणि पिवळसर येतं, खिडकीतलं बुटकं आणि हिरवंगार. रोज दोन्हीकडे नेऊन दाखवा. ‘उजेड’ हा शब्द तुम्ही काढायच्या आधी पाच वर्षांचं मूलच काढतं.

दिवाळीचा किल्ला म्हणजे चौथी-पाचवीतल्या दादा-ताईंचं राज्य. धाकट्यांना तिथे कोणी उभं करत नाही. त्यांना त्यांची दोन कामं ठरवून द्या. पहिलं चिखल कालवायचं: पायाने, जुन्या कपड्यांत, दगड वेचून काढलेल्या मातीत. दुसरं अळीव पेरायचं. अळीव भिजवले की बुळबुळीत चिकट होतात, त्यामुळे किल्ल्याच्या उतरत्या भिंतीलाही ते धरून बसतात. मोहरी घरंगळून खाली जमते. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरले तर दिवाळीत किल्ला हिरवा दिसतो. पाणी हातानेच शिंपडायचं. तांब्या दिलात तर बुरूज वाहून जाईल आणि दादा रडेल, हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे.

पहिली सहल: मंडई

आता घराबाहेर. पहिली सहल भाजीबाजाराची करा. तिथे हात लावायला मिळतो, वास येतो, माणसं बोलतात आणि परत येताना पिशवीत काहीतरी असतं. पुण्यात राहत असाल तर महात्मा फुले मंडई आहेच. 1886 सालची दगडी अष्टकोनी इमारत, वर उंच मनोरा. पण कोपऱ्यावरचे चार गाडे पुरतात. पहिल्यांदा तर तेच बरे.

1. आदल्या दिवशी कापडी पिशवीत तीन भाज्या घाला: दोडका, बटाटा, भेंडी. मुलाने न बघता हात घालून ओळखायचं. दोडक्याच्या शिरा आणि भेंडीची लव हाताला कळते. उद्या हेच शोधायला जायचं आहे, हे सांगा.

2. यादी चित्रांची करा. तीन चित्रं, जास्त नाहीत. वाकडीतिकडी असली तरी चालतील, पण यादी मुलाच्या खिशात राहील.

3. मंडळी घेऊन जाणार असाल तर एक दिवस आधी भाजीवाल्या मावशींना विचारून या. ‘उद्या दहाला सहा पोरं आणते, हात लावतील, चालेल ना?’ बहुतेक हो म्हणतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहा-साडेदहाला जा. संध्याकाळी अजिबात नको. गर्दीत मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त पाय आणि पिशव्या येतात.

4. निघण्यापूर्वी शू करून घ्या. पाणी, एक जादा चड्डी आणि ओला रुमाल बरोबर असू द्या. प्रत्येकाला स्वतःची छोटी पिशवी.

5. रस्त्यावर एका मोठ्या माणसाला दोनच मुलं, एकेका हाताला एक. हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. मोठी माणसं कमी पडली तर सहल पुढे ढकलते.

6. गाड्यापाशी मुलाला मागू द्या. ‘मावशी, पाव किलो भेंडी द्या.’ हे वाक्य घरी म्हणून घेतलेलं असलं तरी ऐन वेळी आवाज फुटत नाही. थांबा. आपण मधे पडून मागायचं नाही. मावशीही थांबतात, त्यांना घाई आपल्याइतकी नसते.

7. जुनी तागडी असेल तर नशीब. वजन एका पारड्यात, भेंड्या दुसऱ्यात. काटा मधे यायला एक भेंडी टाकायची की काढायची, हे बघायला मुलं उकिडवी बसतात. विद्युत काट्यावर आकडे दिसतात, तेही वाचायला मजा, पण जड-हलकं डोळ्यांना दिसत नाही.

8. कोथिंबीर, पुदिना, मेथी: तिन्हींचा वास घ्यायला लावा. मग डोळे मिटून एकीचा.

9. पैसे मुलाच्या हातून. सुट्टे परत घेणंही त्याच्याच हातून.

जाऊन येऊन पाऊण तास. त्याहून लांबवू नका. मुलं अजून ताजी आहेत तोवर परत फिरायचं, म्हणजे उद्या पुन्हा जायची मागणी होते. घरी आल्यावर भेंडी धुवायची, पुसायची, आणि त्यातल्या दोन ठशांसाठी मागे ठेवायच्या. त्याच दिवशी भाजी झालीच पाहिजे. भेंडीला तोंड न लावणारी मुलं स्वतः आणलेली भेंडी खातात असं लोक सांगतात. निम्मी खातात, हा माझा अनुभव.

मंडईनंतर कुठे?

दुसरी-तिसरी सहल कुठेही: टपालपेटीत स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड टाकायला, रोपवाटिकेत एक झेंडू विकत आणायला, रेल्वे फलाटावर बाकावर बसून फक्त गाड्या बघायला. पुण्यात कसब्यात कुंभारवाडा आहे आणि जवळच तांबट आळी. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांना ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. शेकडो ठोके, सगळे एका अंतरावर. पाच वर्षांच्या पुढचीच मुलं न्या, लहानांना तो आवाज सोसत नाही. घरी आल्यावर डबा उपडा घालून तसा ठेका धरायला सांगा.

समुद्र जवळ असेल तर ओहोटीलाच जा. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यात सहा मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहा-सात वाजता पाणी खूप मागे गेलेलं असतं, ऊनही नसतं. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढलेली असते, ती बघायला पालथं पडायचं. जिवंत शंख उचलून आणायचे नाहीत, रिकामे शिंपले आणायचे.

प्राणिसंग्रहालयात जायचंच असेल तर मुंबईची राणीची बाग आणि पुण्यातलं कात्रजचं उद्यान, दोन्ही बुधवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. आणि एकच प्राणी ठरवून जा. फक्त हत्ती, किंवा फक्त कासव. त्याच्यासमोर अर्धा तास बसा, डबा तिथेच जवळपास खा आणि परत या. ‘तिकीट काढलंय तर सगळं बघू या’ हा मोह आवरणं मला आजही जड जातं.

झाडाखाली

घराजवळ बकुळ शोधा. तिच्या फुलाला मधोमध भोक असतंच, त्यामुळे सुई लागत नाही. खराट्याची एक काडी मुलाच्या हाती द्या आणि पडलेली फुलं एकेक करून तिच्यात ओवायला सांगा. चार वर्षांची मुलगी जीभ दातांत धरून सतरा फुलं ओवते आणि अठराव्याला आधीची सगळी दुसऱ्या टोकाने गळतात. खालच्या टोकाला पानाची गाठ मारायची असते, हे तिला तेव्हा कळतं. त्याआधी सांगून उपयोग नव्हता.

शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. एप्रिल-मे महिन्यात गुलमोहराच्या कळ्या सोलून बघा, आत पाकळ्या घड्या घालून ठेवलेल्या असतात.

काही झाडं मात्र आधी तुम्ही ओळखायला शिका. लाल-काळी गुंज दिसायला सुरेख असते, पण चावून गिळली तर अतिशय विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. कण्हेरीचं कुठलंच अंग तोंडात जाता कामा नये. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हिवाळ्यात डोंगराच्या वाटेवर केसाळ तपकिरी शेंगा लटकताना दिसल्या तर ती खाजकुयली, वाराही त्या बाजूने येत असेल तर वाट बदला. मुलांना आमच्याकडे एकच नियम असतो: पडलेलं उचलायचं, आधी ताईला दाखवायचं, तोंडात काही घालायचं नाही.

परत आल्यावर

‘आज काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नका. तीन वर्षांचं मूल त्याला ‘काही नाही’ म्हणतं, आणि खरंच सांगतं. पिशवीतलं सगळं परातीत ओता आणि शेजारी बसा. बोलणं आपोआप सुरू होतं. मंडईहून आल्यावर तासाभराने उशांचा गाडा मांडला जातो, पट्टीचा काटा होतो, आणि ‘मावशी, पाव किलो द्या’ म्हणताना आवाजही फुटतो. तुम्हाला गिऱ्हाईक व्हावं लागेल. थोडी घासाघीस करा.

ज्या मुलाला चिखल, कणीक, ओली वाळू यांची किळस वाटते, त्याच्यावर जबरदस्ती नको. त्याच्या हाती एक काडी द्या आणि काडीने ढवळू द्या. आमच्याकडची एक मुलगी दिवाळीपासून होळीपर्यंत काडीनेच ढवळत होती. मग एक दिवस काडी मोडली.